नाताळची गव्हाण



‘गुरुजी, नाताळ म्हणजे काय?’ असे विद्यार्थ्याने विचारले, की ‘सुट्टी’ एवढे सांगून आपण मोकळे होतो. वर्गात एखादे ख्रिस्ती मूल असेल, तर त्याला काय वाटत असेल?

हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. त्याचा मूळ अर्थ जन्मासंबंधीचा. येशूच्या जन्माची तिथी बायबलात नाही. २५ डिसेंबर हा दिवस इ. स. ३५४ च्या एका रोमन पंचांगात नोंदलेला आढळतो. लूकच्या शुभवर्तमानात बाळास गव्हाणीत निजविल्याचे सांगितले आहे. बैल व गाढव यांचा तेथे उल्लेखही नाही.

इ. स. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी संत फ्रान्सिस यांनी खरीखुरी गव्हाण मांडली, तीत गवत घालविले, बैल व गाढव आणवून उभे केले. ग्रामस्थ मशाली घेऊन जमले. त्या बालकाचे दारिद्र्य लोकांनी डोळ्यांनी पाहावे, हा त्यांचा हेतू होता. पुढे बाहुल्यांचे सुशोभित देखावे आले आणि ते दारिद्र्य काहीसे झाकले गेले, असे मला वाटते.

आपल्या पुष्कळ मुलांच्या घरी गव्हाण असते. पाठाचा आरंभ तेथूनच करावा.