घरगुती संगणकाला गणनक्षमता किती हवी?



एखादे मध्यमवर्गीय कुटुंब संगणक खरेदीस निघते, तेव्हा दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘प्रोसेसर कोणता?’ हाच. जाहिरातींनीही वर्षानुवर्षे हाच आकडा ठळक केला आहे. हा खर्च बहुधा मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेल्या रकमेतून होतो. म्हणून त्या आकड्यात कितपत तथ्य आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के, तर शहरी भागातील २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. अशा देशात गरजेपेक्षा अधिक क्षमतेची किंमत मोजणे हा केवळ वैयक्तिक हौसेचा प्रश्न राहत नाही.

१९६५ साली गॉर्डन मूर यांनी एकात्मिक मंडलावरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल, असे अनुमान वर्तविले. १९७५ मध्ये त्यांनी हा कालावधी दोन वर्षांचा केला. १९७१ च्या इंटेल ४००४ या प्रोसेसरवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज ही संख्या अब्जावधींच्या घरात आहे. घटक वाढत गेले आणि त्यांच्याबरोबर बराच काळ वेगही वाढत गेला. पेंटियम ४ हा प्रोसेसर २००० च्या अखेरीस १.५ गिगाहर्ट्झपर्यंतच्या वेगाने बाजारात आला आणि २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झचा बेत मात्र कंपनीला सोडून द्यावा लागला, कारण उष्णता आवरेना. एकटा प्रोसेसरच शंभर वॅटहून अधिक वीज खाऊ लागला होता. पुढे उत्पादकांनी वेगाऐवजी एकाच चिपवर दोन, चार, आठ गाभे बसविण्याचा मार्ग धरला. पण कामाचा जो भाग विभागता येत नाही, तो अधिक गाभ्यांनी लवकर होत नाही, हे जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिले होते. अर्ज टंकलिखित करणाऱ्याला आठव्या गाभ्याचा उपयोग नगण्यच.

मग घरचा संगणक संथ का वाटतो? कुशल टंकलेखकही सेकंदाला फार तर आठ-दहा कळा दाबतो. दोन कळांमधील अवकाशात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची कोट्यवधी आवर्तने होतात आणि त्यांतील बहुतेक रिकामीच जातात. खरा विलंब अन्यत्र असतो. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवरील माहितीचा एखादा तुकडा शोधण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. कालावधी क्षुल्लक भासतो. पण तेवढ्यात तोच प्रोसेसर ३ कोटी आवर्तने पूर्ण करतो, म्हणजे तितका वेळ तो वाटच पाहत असतो. रॅम अपुरी पडली की संगणक तीच माहिती वारंवार डिस्कवर ठेवतो आणि परत आणतो. म्हणूनच जुन्या यंत्रात रॅम वाढवून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली की प्रोसेसर तोच असूनही यंत्र नवे झाल्यासारखे वाटते. संकेतस्थळ उघडण्यातील विलंब तर पुष्कळदा जोडणीचा असतो. चित्रफीत पाहण्याचा मुख्य भारही आता चिपवरील त्यासाठीच राखलेले स्वतंत्र मंडल उचलते.

चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय आरेखन, आधुनिक खेळ यांना मात्र क्षमता लागते आणि तेथे खर्च सार्थ ठरतो. परंतु पत्रव्यवहार, हिशेब, वाचन, व्याख्याने पाहणे आणि परीक्षेचे अर्ज भरणे एवढ्यावर ज्यांचा वापर संपतो, त्यांची गरज फारच थोडी आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली, तेव्हा सेकंदाला १०० कोटी गणना करणारा महासंगणक उभारणे हे राष्ट्रीय उद्दिष्ट होते. आजचा साधा घरगुती प्रोसेसरही त्याच्या कित्येक पट पुढे आहे.

तरीही गरज वाढल्यासारखी भासते, याचे श्रेय प्रामुख्याने सॉफ्टवेअरला द्यावे लागेल. यंत्र वेगवान होते त्याहून लवकर सॉफ्टवेअर मंद होते, अशी टीका निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच केली होती. विंडोज एक्सपीची २००१ मधील किमान अपेक्षा ६४ मेगाबाइट रॅमची होती. २०२१ च्या विंडोज ११ ची ती ४ गिगाबाइट, म्हणजे ६४ पट झाली. लिहावयाचे पत्र मात्र तेवढेच राहिले. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. पुढील आवृत्तीसाठी सुरक्षेच्या विशिष्ट चिपची आणि ठरावीक पिढीच्या प्रोसेसरची अट असल्याने धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे अपात्र ठरली. ती क्षमतेअभावी बाद झाली, असे म्हणता येणार नाही. अशा यंत्रांवर लिनक्स, किंवा तिच्यावर आधारलेली सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणाली चालविता येते. अन्यथा ती ई-कचऱ्यात जमा होतात, आणि ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ काटेकोर पाळले तरी सुरू असलेले यंत्र मोडीत काढण्यातील अपव्यय टळत नाही.

याचा अर्थ कितीही कमी क्षमता चालेल असा नव्हे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत सादर झालेल्या ‘आकाश’ टॅब्लेटमध्ये ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट रॅम होती. किंमत कमी राखण्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु संथ प्रोसेसर, दाब देऊन चालवावा लागणारा पडदा आणि अल्पायुषी बॅटरी यांविषयी तक्रारी आल्या. नोव्हेंबर २०१२ मधील ‘आकाश २’ मध्ये वेग १ गिगाहर्ट्झ आणि रॅम ५१२ मेगाबाइट करावी लागली. विद्यार्थ्याला पान उघडण्यासाठी ताटकळावे लागले, तर स्वस्त साधनही महागच पडते.

तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना लॅपटॉपचे वाटप सुरू केले. नंतर इतर राज्यांनीही अशा योजना आखल्या. अशा खरेदीच्या निविदेत प्रोसेसरच्या नावापेक्षा तीन बाबींना अधिक वजन मिळावयास हवे : रॅम किती आणि ती पुढे वाढविता येते का, साठवण एसएसडीवर आहे का, आणि कार्यप्रणालीची सुरक्षा-अद्यतने किती वर्षे मिळणार. घरासाठी खरेदी करणाऱ्या पालकांनीही दुकानदाराला हेच तीन प्रश्न आधी विचारावेत. प्रोसेसरचा क्रमांक नंतर पाहिला तरी चालेल.