ढोल, ताशा आणि विजेची गिटार



आजचा विषय ऐकून काही वडीलधारी मंडळी रेडिओचा कान पिळायला उठतील, याची मला कल्पना आहे. तरी थोडं थांबा. हार्ड रॉक नावाचं एक विलायती संगीत आहे, आणि त्याचंच एक नटवं भावंड आहे, त्याला ग्लॅम मेटल म्हणतात. खांद्यावर रुळणारे केस, डोळ्यांत काजळ, अंगात चमचमती कातडी जाकिटं, रंगमंचावर धूर आणि दिव्यांचा लखलखाट, आणि या सगळ्यावर मात करणारा आवाज. ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांच्या कानांवर हे मोबाईलमधून कधी ना कधी पडलंच असेल. ‘हे काय गाणं म्हणायचं? नुसते डबे बडवताहेत!’ असा शेराही आपण मारला असेल. शिक्षक बंधु-भगिनींना तर स्नेहसंमेलनाच्या वेळी हा प्रश्न दरवर्षी पडतो, की एरवी शहाणीसुरती असलेली ही पोरं या आरडाओरड्यात पाहतात तरी काय?

खरं म्हणजे हा प्रश्न नाशिककरांनी विचारावा ही थोडी गंमतच आहे. गणपती विसर्जनाच्या दिवशी वाकडी बारवेपासून मिरवणूक निघते, तेव्हा तिथे उभं राहून पाहा. पुढे ताशाची तडतड, मागे कमरेला बांधलेल्या ढोलांची रांग, मधून झांजांचा खणखणाट. आधी ताशा एकटाच बोलतो, मग सगळे ढोल एकदम पडतात, आणि तो ठोका कानाला ऐकू येण्याच्या आधी छातीला लागतो. तिथं कोणी विचारत नाही, की याचा राग कोणता, आणि याचा अर्थ काय. म्हातारा माणूससुद्धा नकळत पाय हलवू लागतो. आपल्या या ढोलाची ख्याती किती लांब गेली आहे म्हणता? केरळात निवडणुकीचा विजय असो की फुटबॉलचा सामना, तिथली पोरं जो ढोल बडवतात त्याला ‘नाशिक ढोल’ असंच म्हणतात. मंगळूरकडेही तेच नाव चालतं. ज्या गावानं भल्यामोठ्या आवाजाला आपलं नाव दिलं, त्या गावानं दुसऱ्याच्या मोठ्या आवाजाला नाक मुरडावं, हे काही बरं दिसत नाही.

आता या संगीताची थोडी घडण सांगतो, म्हणजे ते नुसतं बडवणं नाही हे ध्यानात येईल.

गावच्या लग्नात कर्ण्याचा आवाज पार शेवटपर्यंत पिळला, की तो फाटतो. आपण म्हणतो, ‘अरे, कमी कर, घरघरतंय.’ विजेच्या गिटारवाल्यांनी हीच घरघर मुद्दाम पाळली. आवाज वाढवणाऱ्या यंत्रावर त्याच्या ताकदीबाहेर भार टाकला, की ध्वनीच्या लाटेचे शेंडे छाटले जातात. मग एरवी तुणतुण करून विरून जाणारा तारेचा सूर जाड होतो, लांबतो, गुरगुरतो. पण यात एक अडचण येते. अशा फाटलेल्या आवाजात तीनचार स्वर एकत्र वाजवले, तर त्यांचा नुसता चिखल होतो. म्हणून हे वादक पुष्कळदा मधला गांधार गाळतात आणि फक्त षड्ज आणि पंचम वाजवतात. श्रोतेहो, षड्ज आणि पंचम! आपल्या तंबोऱ्याच्या तारा बहुतेक वेळा याच दोन स्वरांत लावलेल्या असतात. पंचवटीत ज्यांनी रामनाम आधाराश्रम स्थापला, त्या विष्णु दिगंबर पलुस्करांना हा गोंगाट खचितच मानवला नसता. पण त्या गोंगाटाच्या तळाशी कोणते दोन स्वर आहेत, ते त्यांनी तत्काळ ओळखलं असतं.

या संगीताचा एक मोठा गवई तर आपल्या महाराष्ट्रातच शिकला. फारोख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा. जन्म 1946 साली झांझिबार बेटावर. आठ वर्षांचा असताना आईबापांनी त्याला बोटीनं इकडे धाडलं, आणि सातारा जिल्ह्यात पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. तिथं तो पियानो शिकला, आणि चार सोबती जमवून त्यानं शाळेतच एक बँड काढला. पोरगा लाजाळू, दात पुढे आलेले. त्यावरून मुलं त्याला चिडवीत. 1964 साली झांझिबारात क्रांती झाली, तेव्हा त्याच्या घरच्यांना सारं सोडून इंग्लंड गाठावं लागलं. पुढे हाच मुलगा फ्रेडी मर्क्युरी या नावानं जगाला माहीत झाला, आणि त्याच्या मंडळीचं नाव होतं क्वीन, म्हणजे राणी. 13 जुलै 1985 रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर सत्तर हजारांच्या वर लोक जमले होते. वीसएक मिनिटांचा कार्यक्रम. त्यात त्यानं एकट्यानं नुसत्या आलापीवर ते मैदान खेळवलं. तो एक तान टाकी, आणि हजारो गळे तीच तान परत करीत. कीर्तनकार बुवा श्रोत्यांकडून गजर म्हणवून घेतात ना, हुबेहूब तसं. घरी मात्र हा माणूस अखेरपर्यंत लाजाळूच राहिला, असं त्याला ओळखणारे सांगतात.

मला वाटतं, या संगीताच्या ओढीचं मूळ इथेच आहे. माणूस आतून लहान असतो, बुजलेला असतो. चौदापंधरा वर्षांचं पोर तर फारच. धड मूल नाही, धड मोठं नाही. घरी बोलणी, शाळेत बोलणी. त्याला एक असा आवाज सापडतो, की जो त्याच्याहून दसपट मोठा आहे, आणि तरी त्याला म्हणतो, ये, तूही यात ये. ढोल कमरेला बांधला की किडकिडीत पोराची छाती पुढे येते, हे आपण पाहिलेलं आहे. ही खोटी फुशारकी आहे म्हणावं, तर ती रामलीलेतल्या रावणाच्या दहा तोंडांइतकीच खोटी आहे.

त्याच मंडळीतला गिटारवाला ब्रायन मे. शिक्षक मंडळींनी याची गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. घरात नवी गिटार घ्यायला पैसे नव्हते, म्हणून 1963 च्या सुमारास त्यानं आणि त्याच्या वडिलांनी मिळून ती घरीच बनवली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, मोटारसायकलच्या इंजिनातल्या दोन स्प्रिंगा, सायकलच्या पिशवीची सळई, आणि तिच्या टोकाला आईची विणायची सुई! आपल्या गावातला सुतार-लोहार पाहून खूश झाला असता. तीच गिटार त्यानं आयुष्यभर वाजवली, तीही सहा पेन्सच्या नाण्यानं. एवढं करून याच गृहस्थानं आकाशस्थ धुळीचा अभ्यास पुरा केला आणि 2007 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून खगोलशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. तेव्हा ‘असली गाणी ऐकून पोरं वाया जातात’ हे वाक्य जरा जपून उच्चारावं.

आता अल्बम म्हणजे काय, ते सांगायला हवं. आठदहा गाण्यांची एक तबकडी. पण चांगल्या अल्बमातली गाणी कशीही भरलेली नसतात. नांदी कुठे, रंगलेला प्रवेश कुठे, विसाव्याचं पद कुठे, सारं योजलेलं असतं. क्वीनचा ‘ए नाईट ॲट द ऑपेरा’ हा अल्बम 1975 सालचा. नावातच संगीत नाटक आहे! त्यातलं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, असं त्या वेळी पुष्कळांनी म्हटलं. (रेडिओवाल्यांचे अंदाज कधीकधी चुकतात, हे मी रेडिओवरच सांगतो आहे.) गाण्याच्या मध्यावर जो प्रचंड समूह गातो, तो प्रत्यक्षात तिघांचाच आवाज आहे. पुन्हा पुन्हा गाऊन, एकावर एक थर चढवून, ते तिघे शेकडो जण झाले. ध्वनिफीत यंत्रातून इतक्या वेळा गेली, की तिच्यावरचा लेप झिजला, असं ती मंडळीच सांगत.

राहता राहिला नटण्याचा मुद्दा. पुरुषांनी काजळ घालावं, केस फुलवावेत, हे आपल्या डोळ्यांना खुपतं. पण ज्या महाराष्ट्रानं बालगंधर्वांवर जीव ओवाळून टाकला, त्यानं इतकं बिचकू नये. नारायणराव राजहंस शालू नेसून, अत्तर लावून उभे राहिले, की घराघरांतल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला बघत. 1913 साली आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, त्यातली तारामतीही पुरुषच होती. गाणाऱ्याच्या गळ्याचा अन् बालगंधर्वांच्या गायकीचा मुकाबला मी करीत नाही. तो होणारही नाही. पण रंगमंचावरचा माणूस रोजच्या माणसाहून झळाळता दिसावा, ही हौस त्यांची आणि आपली एकच.

ग्लॅम मेटलचा खरा सुकाळ 1983 ते 1991 या वर्षांत झाला. अमेरिकेतले मॉटली क्रू, बॉन जोव्ही, स्वीडनचे युरोप, अशी पुष्कळ नावं. युरोपच्या 1986 च्या ‘द फायनल काउंटडाउन’ची तुतारीसारखी सुरावट अनेकांनी नाव न कळता ऐकली असेल. पण मला सांगायचं आहे ते इंग्लंडच्या डेफ लेपर्ड या मंडळीविषयी. यांना ग्लॅम मेटल म्हणावं की नाही, यावर रसिक भांडतात. आपण त्यात पडू नये. त्यांचा ढोलकरी रिक ॲलन. 31 डिसेंबर 1984 रोजी मोटार अपघातात त्याचा डावा हात गेला. वय एकवीस. ढोलकऱ्याचा हात गेला म्हणजे काय गेलं, ते पथकातल्या पोरांना विचारा. पण मंडळीनं दुसरा माणूस आणला नाही. डाव्या हाताचे ठोके डाव्या पायानं मारता येतील, असे विजेचे ढोल करवून घेतले. तो शिकेपर्यंत सारे थांबले. त्यांचा पुढचा अल्बम ‘हिस्टेरिया’ 1987 साली बाहेर आला, आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती गेल्या. त्या अल्बमातला ठोका सरळ, रुंद, मोकळा आहे. तो ऐकताना एक गोष्ट मनात धरा, की या मंडळीचा ढोलकरी एका हातानं आणि दोन पायांनी ठोका धरतो.

सारंच सोनं आहे, असं मात्र नव्हे. यातल्या बऱ्याच गाण्यांचे शब्द पोकळ आहेत. काहींत बायकांविषयी जे बोललं जातं ते घरात ऐकण्यासारखं नाही, आणि मुलांना तसं स्पष्ट सांगावं. पुढेपुढे तर केस वाढत गेले आणि चाली आटत गेल्या. 1991 साली अमेरिकेतच निर्वाणा नावाची मंडळी साध्या, विटक्या सदऱ्यात उभी राहिली, आणि वर्षादोनवर्षांत या झगमगाटाचा बाजार उठला. बोलपट आल्यावर आपल्या नाटक मंडळ्यांचं झालं, तसंच थोडंसं.

आणि मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती मी या पंक्तीत बसवत नाही. ढोल माणसाला वाहावा लागतो, त्याचे हात भरून येतात, तो दमतो, म्हणून कुठेतरी थांबतो. भिंतीला दम लागत नाही. आवाज मोठा असण्याला माझी हरकत नाही. पण तो कोणाच्या तरी अंगातून आलेला असावा.

कानांचं तेवढं सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास ऐकला तरी चालतो. तोच 90 वर नेला, की चारच तास. दहानं वाढ, आणि वेळ दहावा हिस्सा! कानात बोंडं घालून ऐकणाऱ्या मुलांना हे गणित फळ्यावर मांडून दाखवावं. आणि ढोलपथकातल्या मुलांनी कानात बोळे घातले, तर त्यांना कोणी हसू नये.

शिक्षक मित्रांनो, एक प्रयोग सुचवतो. त्याला पैसा लागत नाही. क्वीनच्या एका कार्यक्रमानंतर लोक घरी जाईनात, आपले गातच बसले. तेव्हा ब्रायन मेच्या मनात आलं, की दाटीवाटीनं उभ्या असलेल्या लोकांना काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी देता येईल, गाता येईल. त्यातून 1977 चं ‘वुई विल रॉक यू’ झालं. त्यात ढोल नाहीतच. फळ्यांवर पाय आपटून आणि टाळ्या वाजवून ते थरावर थर ध्वनिमुद्रित केलं, आणि त्या थरांमधली अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली, म्हणजे प्रतिध्वनी न वाटता मोठा जमाव वाटतो. गणिताच्या गुरुजींनी याची नोंद घ्यावी. ठेका चार मात्रांचा: पाय, पाय, टाळी, आणि चौथ्या मात्रेला काही नाही. वर्गातल्या साठ मुलांना उभं करा आणि हा धरायला लावा. पहिल्या दोन आवर्तनांत गोंधळ होईल, पुढे जमेल. मग त्या रिकाम्या चौथ्या मात्रेकडे कान द्या. साठ मुलं एकदम गप्प होतात, आणि पुढचा पाय कधी पडतो याची वाट सगळा वर्ग मिळून पाहतो. मागच्या बाकावरचं, कधी तोंड न उघडणारं पोर त्या वेळी काय करतं, तेही पाहून ठेवा.