गच्चीवरची दुर्बीण कोणती घ्यावी?

(कोजागिरीच्या कार्यक्रमातील भाषण)

दूध अजून आटतंय, तोवर बोलून घेतो.

रौप्यमहोत्सवी निधीतून मुलांसाठी दुर्बीण घ्यायचं कमिटीने ठरवलं आणि 'कोणती' हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. पंचवीस हजार रुपये तुमच्या वर्गणीतले आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. मुलं पहिल्याच रात्री हिरमुसली, तर पुन्हा गच्चीवर येत नाहीत आणि दुर्बीण मीटर-रूममध्ये जाते.

खोक्यावर '५२५ पट मोठं' असं छापलेलं असतं, त्याला भुलू नका. ६० मिलिमीटरच्या भिंगाला फार तर १२० पट झेपतात; त्यापुढे चित्र नुसतं अंधूक होत जातं. बघायचा तो व्यास. १३० मिलिमीटरचा आरसा ७० मिलिमीटरच्या भिंगाच्या जवळजवळ साडेतीनपट प्रकाश गोळा करतो. आणि स्टँड! तकलादू तिवईवर हात लागला की गुरू नाचायला लागतो.

माझं मत १३० मिलिमीटरच्या, टेबलावर ठेवायच्या डॉब्सोनियन दुर्बिणीला. जॉन डॉब्सन हे अमेरिकेतले गृहस्थ; सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्याजाणाऱ्यांना आकाश दाखवायचे. त्यांनी हा लाकडी बैठकीचा साधा प्रकार रूढ केला. वजन सहा-सात किलो. आपली लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबते, वर तो अरुंद जिना. हे वजन नववीतलं पोर एकटं नेईल. १५० मिलिमीटरची मोठी डॉब्सोनियन जास्त दाखवते हे खरं, पण तिची नळीच चार फुटांची. कोण चढवणार? कॉम्प्युटरवाली घ्या असं काही जण म्हणाले. त्यात आपले पैसे आरशाऐवजी मोटरमध्ये जातील आणि मुलं आकाश वाचायला शिकणार नाहीत.

या दुर्बिणीचं नाभीय अंतर ६५० मिलिमीटर असतं. २५ ची नेत्रिका लावली की २६ पट, १० ची लावली की ६५ पट. २६ पटींत गुरूचे चार चंद्र दिसतात. ६५ पटींत शनीची कडी, अर्थात ती आपल्याकडे किती कललेली आहेत त्यावर. वापरण्याआधी अर्धा तास दुर्बीण बाहेर ठेवा, आणि तापलेल्या स्लॅबवरून लगेच बघू नका, चित्र थरथरतं.

दीर्घिकांचं मात्र आधीच सांगतो. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. आपल्या गच्चीवरून दिसलाच तर करडा डाग दिसेल. फोटोतले रंग डोळ्यांना दिसत नाहीत. तिच्यासाठी अमावास्येच्या आसपास शहराबाहेर जावं लागेल. वांगणीला खगोल मंडळाचे कार्यक्रम होतात, तिथे मुलांना नेऊ. आज दुर्बीण असती तरी फारसा उपयोग नव्हता. पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो. विवरांच्या सावल्या बघायच्या तर अष्टमीला.

एक गोष्ट लिहूनच लावू या: सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवायची नाही. क्षणात डोळा जातो. म्हणून किल्ली मोठ्या माणसाकडेच राहील.

राहिला टाकीजवळचा हॅलोजन. चोरांची भीती वाटते हे काकूंचं म्हणणं मला मान्य आहे. पण शनिवारी नऊ ते दहा, मुलांसोबत आम्ही दोघं-तिघं वर असताना, तो बंद ठेवता येईल का, अध्यक्षसाहेब?