दुसऱ्या इंजिनाचा मोह



वैमानिकांना शिकवणाऱ्या आपल्या इन्स्ट्रक्टरांच्या संमेलनाचं अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. प्रथेप्रमाणे मी वर्षभरातल्या प्रशिक्षणाचा आढावा घ्यायला हवा. तो सचिवांनी छापून तुमच्या पिशवीत घातलाय आणि माझ्या हातून झाला असता त्याहून नेटका आहे. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे. ती एकतीस वर्षं माझ्या पोटात आहे.

छोट्या, दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन टेकऑफला गेलं तर काय करायचं? आपण शिकवतो: रडर, वेग, चाकं वर, मेलेलं इंजिन ओळखा, खातरजमा करा, पंखा फेदर करा, म्हणजे पाती वाऱ्याच्या रेषेत वळवा. सगळं बरोबर. पण हे सगळं उडत राहण्याचं शिक्षण झालं. दोन्ही थ्रॉटल मागे ओढून समोरच जमिनीवर बसायला आपण शिकवतो का? ब्रीफिंगमध्ये ते वाक्य असतं, मान्य. विद्यार्थी ते आरतीसारखं म्हणतो. आरती म्हणताना अर्थाकडे कोणाचं लक्ष असतं?

दोन इंजिनांतलं एक गेलं की निम्मं बळ गेलं, असं नवख्याला वाटतं. चढायला उपयोगी पडतं ते उडत राहण्यापुरतं भागवून उरलेलं बळ, आणि ते जवळजवळ सगळंच जातं. आपल्या ओळखीचं सेनेका घ्या. दोन्ही इंजिनांवर मिनिटाला १४०० फुटांच्या आसपास चढतं, एकावर अडीचशेसुद्धा नाही. तेही समुद्रसपाटीला, चाकं वर, पंखा फेदर, आणि हात कारखान्याच्या वैमानिकाचे! अमेरिकेच्या जुन्या नियमांत तर ६००० पौंडांपर्यंतच्या, कमी स्टॉल-वेगाच्या अशा विमानाला एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे अशी अटच नव्हती. चढतं की उतरतं ते मोजून लिहा, एवढंच. आता पुण्याची १९०० फुटांवरची उंची घ्या, मे महिन्यातले ४० अंश घ्या. हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ते ५००० फुटांच्या वर असतं. चाकं अजून जमिनीवर असताना!

सकाळच्या सत्रात दोन तट पडले. इंजिन गेल्यावरची कृती पाठ असावी की कागद वाचून करावी? सेनेकाचा पंखा ८०० फेऱ्यांच्या खाली गेला की फेदर होत नाही. इंजिन आतून अडकत चाललं असेल तर कागद तुम्ही कुठे शोधणार, सीटखाली? माझ्यापुरता तो वाद मिटला. दुसरा वाद सिम्युलेटरचा: हा सराव खऱ्या विमानात द्यावा की तिथे? आमच्या पिढीतले काही कडक गुरुजी दोनशे फुटांवर मिक्श्चर ओढून चालतं इंजिन बंद करायचे आणि त्याला शिस्त म्हणायचे. विद्यार्थी गांगरला, वेग लाल रेघेखाली, म्हणजे एका इंजिनावर ताबा राहण्याच्या वेगाखाली गेला, की विमान मेलेल्या इंजिनाकडे उलटतं आणि खाली सावरायला जागा नसते. मी सिम्युलेटरच्या बाजूचा आहे. घाम येत नाही म्हणे. नको येऊ दे.

आता माझं सांगतो.

पठारावरचं एक मैदान, मे महिना, दुपारचे तीन. मागे दोन प्रवासी आणि त्यांच्या गरजेपेक्षा जड बॅगा. चाकं सुटली, वीस-पंचवीस फूट वर आलो असेन, आणि नाक उजवीकडे वळलं. डावा पाय रडरवर टोकापर्यंत गेला. उजवा मोकळा, म्हणजे उजवं इंजिन गेलेलं. समोर निम्मी धावपट्टी शिल्लक होती. तिच्यावरचे पांढरे पट्टे मला दिसले, आजही दिसतात. दोन्ही थ्रॉटल मागे ओढले असते तर चाकांवर बसून, फार तर टोकाच्या मुरमात जाऊन थांबलो असतो. पण हात गेला चाकांच्या दांड्याकडे. चाकं वर घेतली.

वेगाचा काटा निळ्या रेघेच्या, म्हणजे एका इंजिनावर चढण्याच्या वेगाच्या, खालीच रेंगाळत होता. कुंपणाची तार पोटाखालून गेली. पुढच्या शेतात औत सोडून एक माणूस बांधाला पालथा पडलेला पाहिला. मग पठाराची कड आली. मी चढलो नाही, जमीन खाली उतरली. त्या दरीने मला वेग दिला, वेगाने उंची दिली, आणि मी वळून परत आलो.

कंपनीने शाल-श्रीफळ दिलं. एका प्रवाशाने पेढे आणले. निम्मी धावपट्टी का सोडलीस, असं एकाही माणसाने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. उलट पुढची कित्येक वर्षं तो किस्सा वर्गात सांगून पोरांचे डोळे विस्फारले. माझा राग त्या शालीवर आहे, आणि ती पांघरून वर्गात शिरलेल्या माझ्यावर.

चांगलं चालतं इंजिन आपल्या हाताने बंद करणं माणसाच्या जिवावर येतं. ते धावपट्टीवर सुचत नाही. विमान सुरू करण्याआधी ठरवावं लागतं. अमुक खुणेपर्यंत चाकं सुटली नाहीत तर थांबणार. चाकं खाली आहेत, समोर जागा आहे, तर बसणार, विमान मोडलं तरी. टेकऑफ सोडून देणाऱ्या पोराला आपण "घाबरलास का?" विचारतो. हा प्रश्न बंद करा.

यावर एखादी पुस्तिका काढू, धडे ठरवू, एक छोटी समितीही नेमू. तपशील कार्यकारिणी बघेल. पुस्तिकेसाठी मला किस्से हवेत, परत आल्याचे नकोत. ज्यांनी टेकऑफ सोडून दिला, ज्यांची चाकं मोडली, ज्यांना बोलणी खावी लागली, त्यांनी जेवणाआधी मला येऊन भेटा. मी मागच्या दारापाशी उभा आहे.