ढेपीत काय नाही?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कपाशी-ज्वारीच्या बैठकीत मासे कुठून आले, असं तुमच्या मनात आलं असेल. शेततळ्यातून आले. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना सुरू झाली. फळबागवाल्यांनी त्याआधीच प्लास्टिक अंथरलेली तळी केली होती. पाणी दिसलं की सल्ला देणारा येतोच : जोडधंदा म्हणून मासे सोडा. मूळ धंदा तोट्यात का, हे त्याला विचारू नका. तो घाईत असतो. पण मासे सोडायचेच असतील तर हिशेब नीट व्हायला हवा. त्यातली एकच बाब आज घेतो. दुकानात माशांची जीवनसत्त्वं म्हणून डबे मिळतात. ते घ्यायचे की नाही?

गाय, शेळी आपल्या अंगातच क जीवनसत्त्व तयार करतात. माणसाला ते जमत नाही, म्हणून आवळा, लिंबू, हिरवी मिरची लागते. आपण पाळतो ते मासे या बाबतीत माणसाच्याच पंगतीला बसतात. मृगळच्या पिल्लांना क बाहेरून लागतं, हे आपल्याकडच्या प्रयोगांत 1980 च्या सुमारासच दिसलं होतं. आणि आपण घालतो काय? ढेप आणि कोंडा. ढेपीत प्रथिनं भरपूर आहेत, पण क नाही, अ आणि ड नसल्यात जमा, आणि ई बरंचसं तेलाबरोबर निघून गेलेलं.

यात ढेपीचा दोष नाही. हैदराबादच्या पोषण संशोधकांनी 1960 च्या सुमारास ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग अभ्यासला. चामडी काळी पडून सोलायची. त्यात ज्वारीचा वाटा होता. पण भाकरीबरोबर दूध, डाळ, मटण ज्याच्या ताटात होतं त्याला तो रोग होत नव्हता. एकाच जिनसावर कुणालाही जगवलं, माणसाला काय नि माशाला काय, तर हेच होणार.

मग गावतळ्यातले रोहू-कटला इतकी वर्षं वाढले कसे? मातीच्या तळ्यात शेण पडलं की पाण्याला हिरवट झाक येते. ते बारीक शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव, हीच माशाची भाजी आणि हेच त्याचं लिंबू. कोकणातले शिंपले-कालवं तर खाडीचं पाणी गाळूनच पोट भरतात, त्यांना कुणी काही घालत नाही.

अमेरिकेत मिसिसिपी, अलाबामा हा कापसाचा मुलूख. तिथल्या कापूसवाल्यांनी 1960 नंतर शेतात बांध घालून कॅटफिश पाळायला सुरुवात केली. त्या माशांच्या खाद्यात सरकीची पेंडही असे. पुढे काही जण मासे दाटीनं, पिंजऱ्यात, नुसत्या खाद्यावर वाढवू लागले आणि पाठीचा कणा वाकलेले मासे निघाले. खाद्यात क कमी होतं, हे 1973 मध्ये छापून आलं. मोकळ्या तळ्यात ती उणीव शेवाळ भरून काढत होतं, पिंजऱ्यात ती उघडी पडली.

आपलं प्लास्टिकचं तळं त्या पिंजऱ्याच्या जवळचं. तळाला चिखल नाही, म्हणून त्यातले जीवही नाहीत. तीस बाय तीस मीटरचं तळं म्हणजे नऊ गुंठे. हेक्टरी पाच हजार बोटुकली धरली तर त्यात साडेचारशे बसतात. एवढीच सोडली आणि शेणाचं पाणी देत राहिलात, तर डबा घेऊ नका. पैसे पाण्यात जातील. दोन हजार सोडली, तर शेवाळ पुरणार नाही. मग जीवनसत्त्व मिसळलेलं तयार खाद्यच लागेल, आणि तो खर्च आधी कागदावर मांडा. एप्रिल-मेमध्ये ठिबकला पाणी दिल्यावर तळ्यात किती उरतं, तेही मांडा.

आणि पैसे पाण्यात म्हणालो ते शब्दशः. क आणि ब गटाची जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. डबा तळ्यात ओतला की ती तळ्याला मिळतात, माशाला नाही. ती खाद्यातच हवीत. कोळंबी तर दाणा कुरतडत बसते. तेवढ्यात निम्मं धुऊन जातं.

मात्रा ऐकून हसाल. कॅटफिशला किलोभर खाद्यात पंचवीस ते पन्नास मिलिग्राम क पुरतं. म्हणजे टनाला पन्नास ग्रॅम! महाग आहे ते टिकवणं. साधं क उष्णतेनं, हवेनं मरतं. म्हणून चांगल्या खाद्यात त्याचा फॉस्फेट जोडलेला टिकाऊ प्रकार घालतात. आपल्या भुसावळ-जळगावचा मे महिना आणि पत्र्याचं शेड! तिथं चार महिने पडलेल्या पोत्यावर काहीही छापलेलं असो, आत काय उरलं असेल? पोतं घेताना बनवल्याची तारीख पाहा, दीड-दोन महिन्यांपुरतंच घ्या, मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीपासून उचलून ठेवा. खवट वास आला तर घालू नका. त्यातलं ई गेलेलं असतं.

दोन गोष्टी राहिल्या. वाकडा मासा दिसला की दुकानदार डबा पुढे करील. आधी बांधापलीकडची कपाशी पाहा. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधानंही माशाचा कणा वाकतो. फवारणीचं पाणी तळ्यात उतरत असेल तर कुठलंही जीवनसत्त्व कामाचं नाही. बांध उंच करा, पंप तळ्यावर धुऊ नका. दुसरं, सरकीच्या ढेपीत गॉसिपॉल असतं. घरची आहे म्हणून नुसती तीच घालू नका, शेंगदाण्याच्या ढेपीत थोडीच मिसळा.

गिरणा धरणाकडच्या भावांनी पिंजऱ्यांबद्दल चिठ्ठी पाठवली आहे. त्यांचा हिशेब वेगळा आहे, जेवणानंतर त्यांच्याबरोबर बसतो.