लेखणीचा खर्च आणि आयकर



मजुराला घामाचे दाम मिळवून देण्यात माझी हयात गेली. आज लेखणीच्या घामाविषयी बोलतो. मेहकरचे कविवर्य ना. घ. देशपांडे यांचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली निघाला. व्यवसाय मात्र वकिलीचा. आपल्याकडचे बहुतेक लिहिणारे असेच. चूल नोकरीवर वा शेतीवर, लेखन रात्री.

लेखन हा व्यवसाय म्हणून केले, तर कागद, टंकलेखन, टपाल, प्रवास असा निव्वळ त्या कामाचा खर्च मिळकतीतून वजा करणे १९६१ च्या आयकर कायद्याने मान्य केले. २००३ साली त्यात कलम ८० क्यूक्यूबी आले : साहित्यकृतीच्या रॉयल्टीवर वर्षाला तीन लाख रुपयांपर्यंत सूट. पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रे, पत्रके वगळली. म्हणजे आमची संघटनेची पत्रके तेथेच बाद! शिवाय २०२३-२४ पासून नवी करपद्धती आपोआप लागू झाली आणि तीत ही सूट नाही. ती हवी तर जुनी पद्धती मागून घ्यावी लागे.

पण खरी गोम निराळीच आहे. मिळकतच नसेल तर खर्च वजा कशातून करणार? नोकरदाराने पदरमोड करून पुस्तक छापले, तर ते नुकसान पगारातून वजा होत नाही. सरकारदरबारी ती हौस ठरते.

म्हणून जिनिंग-प्रेसिंगच्या मजुरांना सांगतो तेच तुम्हांला सांगतो. प्रकाशकाशी करार लेखी करा, विक्रीचा हिशेब मागा, पावत्या जपून ठेवा. आपल्या श्रमाची नोंद आपणच ठेवली नाही, तर कायदा ती कोठून वाचणार?