ड्रोनवरचा ओरखडा: कोणता सोडून द्यायचा, कोणता नाही



हवा जरा सुधारली की इथल्या मराठी घरांतली ड्रोन कपाटातून बाहेर येतात. शनिवारी गावाबाहेरच्या शेताकडेला उडवायचं, संध्याकाळी व्हिडिओ आजी-आजोबांना पाठवायचा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत खडीवर उतरताना ओरखडा पडतोच. मग जीव हळहळतो. आज या ओरखड्याबद्दलच बोलू या.

ओरखडे दोन जातींचे असतात. काही फक्त डोळ्यांना दिसतात आणि काही हवेत जाणवतात.

आधी पहिली जात. वरचं कवच, पोटाच्या कडा, पायांच्या बाहेरच्या बाजू. इथल्या वरवरच्या रेघेनं उडण्यात काही फरक पडत नाही. ओलसर मऊ कापडानं पुसा आणि विसरा. नेलपॉलिश काढायचं द्रव मात्र लावू नका. त्यातल्या अॅसिटोननं प्लॅस्टिक विरघळतं किंवा त्याला बारीक तडे जातात.

ओरखडा झाकायला रंग किंवा सजावटीचं स्टिकर लावायचा मोह होतो. त्याआधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे छोटं, 249 ग्रॅमच्या आसपासचं ड्रोन असतं. युरोपच्या नियमांत 250 ग्रॅम ही मोठी रेघ आहे. तिच्या आत असाल तर ऑनलाइन परीक्षेचा दाखला लागत नाही. ती ओलांडली की दाखला लागतो, आणि कुठे उडवायचं यावरही जास्त बंधनं येतात. बॅटरी, पाती, मेमरी कार्ड, सगळं बसवून तोला. तुमच्या हातात एक-दोन ग्रॅमच असतात, ते सजावटीवर घालवू नका.

आता दुसरी जात. पहिलं म्हणजे पाती. प्रत्येक पात्याच्या कडेवरून बोटाचं टोक हलकेच फिरवा. खाच लागली, पांढरी रेघ दिसली किंवा पातं वाकलेलं वाटलं तर ते बदला. एका मोटरवर दोन पाती असतील तर दोन्ही एकदम बदला, म्हणजे तोल सारखा राहतो. खाच पडलेलं पातं थरथरतं, चित्र हलतं, आणि कधीतरी हवेतच तुटतं. खाली कोण उभं असेल, सांगता येत नाही.

मग पायाचा सांधा. तिथली रेघ हलकेच दाबून पाहा. ती उघडत असेल तर तो तडा आहे, असं ड्रोन उडवायचं नाही. पोटाखालच्या सेन्सरच्या काचा स्वच्छ ठेवा, कारण उतरताना जमीन त्यांनाच दिसते. कॅमेऱ्याच्या काचेवर टूथपेस्ट घासू नका, वरचा लेप निघून जातो. आणि बॅटरी फुगली असेल किंवा चेपली असेल तर ती चार्ज करायची नाही, घरच्या कचऱ्यातही टाकायची नाही. तुमच्या गावच्या वेर्टश्टॉफहोफवर द्या.

आणखी एक जागा म्हणजे नंबर. कॅमेरा असलेलं ड्रोन उडवायचं तर ब्राउनश्वाइगच्या लुफ्टफार्ट-बुंडेसआम्टकडे तुमची नोंदणी लागते. तिथून मिळालेला नंबर ड्रोनवर लावायचा असतो. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना, तसंच हे. ओरखड्यानं तो वाचता येईनासा झाला तर नवा लावा. त्यातली शेवटची तीन गुप्त अक्षरं मात्र वर लिहू नका. विमाही तपासा. जर्मनीत वजन कितीही कमी असलं तरी ड्रोनला दायित्व विमा सक्तीचा आहे.

विकायला काढलंत तर इथे एक छान शब्द आहे, गेब्राउख्सश्पुरेन. म्हणजे वापराच्या खुणा. जाहिरातीत तो लिहा, ओरखड्यांचे जवळून फोटो टाका. पण ड्रोन झाडावर आदळलं असेल तर तेही सांगा. ठाऊक असलेला दोष लपवला, तर ‘खासगी विक्री, हमी नाही’ ही ओळ तुम्हाला कायद्यानं वाचवत नाही.

शेवटची गोष्ट मुलांची. सोळा वर्षांखालचं मूल उडवत असेल तर शेजारी जाणती मोठी व्यक्ती हवी, आणि जबाबदारी तिची. आम्ही आयटीवाले एक नियम पाळायचा प्रयत्न करतो: चूक सांगायला आलेल्यावर ओरडायचं नाही, नाहीतर पुढची चूक कुणी सांगत नाही. घरीही तेच. कवचावरच्या रेघेसाठी “एवढे युरो घातले!” म्हणून मुलाला फैलावर घेतलंत, तर पुढच्या वेळी पात्याची खाचही ते लपवेल. आणि ती तुम्हाला कळायलाच हवी.

म्हणून ड्रोन खाली उतरलं की दोघांनी मिळून पाती पाहा, सांधे पाहा, काचा पुसा. फार तर दोन मिनिटं लागतात. कवचावरचे ओरखडे राहू द्या. ड्रोन उडतंय, एवढाच त्यांचा अर्थ.

सांभाळून उडवा मंडळी. नमस्कार.